‘शिक्षा’ म्हणजे शिकणं की शासन?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. मुलाची भोपाळहून पुण्याला बदली झाली आणि नातू इथल्या एका शाळेत पाचवीत जायला लागला. त्याच्या हिंदी वेळापत्रकात मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला ‘शारीरिक शिक्षा’ असं लिहिलेलं आहे. ते वाचून तुमचे यजमान चपापले. सूनबाई भोपाळच्या, त्यांनी सांगितलं की तो पीटीचा तास आहे. त्यावरून घरात वाद झाला. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ ‘शिकणं’ असेल, तर मराठीने तो बिघडवला का? खरा अर्थ कोणता? आणि बाकीच्या भाषांमध्ये काय आहे?

मराठीने काहीही बिघडवलेलं नाही, हे आधी सांगते. गेली सव्वीस वर्षं मी पुण्यात बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते आणि हिंदी-मराठी अनुवादाचं काम करते. माझं माहेर सोलापूर, त्यामुळे कानडी कानावर पडतच वाढले. ‘शिक्षा’ हा शब्द माझ्या वर्गात दर तुकडीला एकदा तरी अडतोच, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वर्गात मी फळ्यावर दोन वाक्यं एकाखाली एक लिहिते. हिंदी: ‘गुरुजी ने मुझे शिक्षा दी.’ मराठी: ‘गुरुजींनी मला शिक्षा दिली.’ शब्द जवळपास तेच, क्रम तोच, क्रियापदाचा धातूही तोच. पण पहिल्या वाक्यातला मुलगा आयुष्यभर गुरुजींचे उपकार मानतो आणि दुसऱ्या वाक्यातला हात चोळत बाकावर उभा असतो. मग मी त्यांना मराठीत ‘शिक्षा’ कोणत्या क्रियापदांबरोबर येते ते लिहून घ्यायला लावते: शिक्षा करणे, होणे, भोगणे, सुनावणे, ठोठावणे. हिंदीत ती घेतात, मिळवतात, ग्रहण करतात. ‘मी पुण्यात शिक्षा घेतली’ असं मराठीत म्हणताच येत नाही. अर्थ शब्दात जेवढा असतो तेवढाच त्याच्या सोबत्यांत असतो.

आता मूळ. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणं, जमणं. शक्ती, शक्य, शक्यता ही सगळी त्याचीच लेकरं. या धातूचं इच्छार्थक रूप होतं ‘शिक्ष्’, म्हणजे ‘जमावं अशी इच्छा करणं’. लभ्‌पासून लिप्सा आणि दा‌पासून दित्सा होते, तशीच शक्‌पासून शिक्षा. पाणिनीने या धातूंना एकत्र धरून सूत्र दिलं आहे. मला ही व्युत्पत्ती फार मोलाची वाटते. शिकणं म्हणजे माहिती साठवणं नाही, ‘हे मला जमलं पाहिजे’ अशी ओढ लागणं, असं त्या रूपातच आहे. वर्गात पन्नाशीतला एखादा बँक अधिकारी जेव्हा ‘ळ’ उच्चारायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हा मला दर वेळी हा इच्छार्थक आठवतो.

त्याहून जुनं एक उदाहरण बघा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात इंद्राची एक प्रार्थना आहे: पिता जसा पुत्रांना देतो तशी आम्हाला बुद्धी आणून दे, ‘शिक्षा णो अस्मिन्’. इथे ‘शिक्षा’ हे नाम नाहीच. ते आज्ञार्थी क्रियापद आहे, ‘शिक्ष’ या रूपाचा शेवटचा स्वर छंदासाठी दीर्घ झालेला. ‘आम्हाला शिकव, मदत कर’ असा भाव. संस्कृत न शिकलेला मराठी माणूस ते वाचून ‘आम्हाला शिक्षा’ असं समजला, तर तो दोष त्याचा नाही.

पुढे वेदांगांत ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्राचं नाव झालं. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीचं नाव तर दीर्घ ईकाराने ‘शीक्षावल्ली’ असं आहे, आणि तिथे विषय सांगितले आहेत ते वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. म्हणजे त्या काळी एखाद्याची शिक्षा चांगली झाली याचा अर्थ त्याचे उच्चार शुद्ध आहेत असा होता. पालीत ‘सिक्खा’ झाली, आणि बौद्ध मंडळी पंचशील घेताना म्हणतात ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. इथे ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचं, पाळण्याचं पाऊल. पुण्यात कुठल्याही बुद्धविहारात हे शब्द तुम्हाला ऐकायला मिळतील. पाळायचा नियम हा अर्थ इथे डोकावतो, आणि नियम आला की तो मोडल्यावर काय हा प्रश्नही मागोमाग येतो.

‘शिकवणं’ आणि ‘शासन’ एकत्र कसे आले, याचं उत्तर दूर शोधायला नको. आपणच रोज बोलतो की ‘त्याला चांगला धडा शिकवला’. हिंदीत ‘सबक सिखाना’. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षणच, पण ‘उचित शिक्षा देओया’ म्हणजे चांगली अद्दल घडवणं. संस्कृतातला ‘शास्’ धातू बघा: त्यातूनच शिष्य, शास्त्र, अनुशासन आणि शासन. ‘शासन करणं’ याचा अर्थ राज्य चालवणं आणि दंड देणं, दोन्ही. पिंपरी-चिंचवडमध्ये घर असलेल्यांना ‘शास्तीकर’ (अनधिकृत बांधकामावरचा दंड) हा शब्द वेगळा सांगायला नको. ती ‘शास्ती’ बंगालीत ‘शास्ति’ होऊन सरसकट शिक्षेचा शब्द झाली. अरबीत ‘अदब’च्याच धातूतून ‘तादीब’ होतो, त्याचा अर्थ वळण लावणं आणि दंड करणं असा दुहेरी. ग्रीकांच्या ‘पायदेया’चंही तसंच: आधी मुलाचं संगोपन-शिक्षण, आणि बायबलच्या ग्रीकमध्ये शासनसुद्धा. शिकवणारा मोठा, शिकणारा लहान आणि मध्ये छडी, हे जगभरच्या शाळांचं चित्र होतं आणि भाषांनी ते टिपलं. संस्कृतासाठीही हा अर्थ परका नाही. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ‘शिक्षा’खाली दंड हाही अर्थ नोंदलेला आहे. तेव्हा मराठीने नवीन काही घडवलं नाही, उपलब्ध दोन वाटांपैकी एक धरली.

आणि ती वाट धरणारी मराठी एकटी नाही, हेच लोकांना माहीत नसतं. पुण्यात हिंदी सगळीकडे ऐकू येते, म्हणून वाटतं की सगळा देश एकीकडे आणि आपण एकीकडे. दक्षिणेकडे तोंड करून बघा. कानडीत ‘शिक्षे’ म्हणजे शिक्षाच. जन्मठेप म्हणजे ‘जीवावधि शिक्षे’. लहानपणी सोलापुरात शेजारच्या काकू मुलाला रागावताना हा शब्द वापरायच्या आणि मला अनुवादाची गरज पडायची नाही. तेलुगूत ‘शिक्ष’, फाशी म्हणजे ‘उरिशिक्ष’. मल्याळममध्ये ‘शिक्ष’, देहदंड म्हणजे ‘वधशिक्ष’. आपण ज्याला भारतीय दंड संहिता म्हणत होतो, ती तेलुगूत ‘शिक्षास्मृति’ आणि मल्याळममध्ये ‘शिक्षानियमम्’. हिंदी भाषकाला हे दोन्ही शाळेचे कायदे वाटतील. गुजरातीतही ‘शिक्षा’ प्रामुख्याने सजा, आणि शिक्षणाला ‘शिक्षण’ किंवा त्यांचा सुंदर शब्द ‘केळवणी’.

दुसऱ्या बाजूला हिंदी, बंगाली, उडिया, आसामी, नेपाळी, आणि पंजाबीतली ‘सिक्खिआ’. या सगळ्यांत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि दंडासाठी सजा, सजाय, दंड, शास्ति असे दुसरे शब्द. तमिळने दोन्ही कामांसाठी रोजच्या वापरात वेगळे शब्द ठेवले, शिक्षणाला ‘कल्वि’ आणि शिक्षेला ‘तंडनै’. गोव्याच्या कोंकणीत शिक्षण म्हणजे ‘शिकप’, आणि शिक्षा म्हणजे ‘ख्यास्त’.

माझं निरीक्षण असं की ज्या भाषांनी ‘शिक्षा’ दंडाकडे दिली, त्यांच्याजवळ शिक्षणासाठी दुसरा भक्कम शब्द होता. मराठी, कानडी, गुजरातीत ‘शिक्षण’. तेलुगूत ‘विद्य’ (आणि तिथे ‘शिक्षण’ म्हणजे प्रशिक्षण, हे हैदराबादहून आलेल्यांशी बोलताना लक्षात ठेवा). मल्याळममध्ये ‘विद्याभ्यासम्’. आपल्याकडे ‘शिक्षण’ किती मुरलं आहे ते पुण्यातल्या पाट्या वाचल्या तरी कळतं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून हिंगण्याची ‘स्त्री शिक्षण संस्था’ उभी राहिली. ‘शिक्षण प्रसारक मंडळी’ याच शहरातली. साताऱ्याकडे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘रयत शिक्षण संस्था’. यातल्या ‘शिक्षण’च्या जागी ‘शिक्षा’ ठेवून बघा, मराठी कानाला काय होतं ते कळेल.

यावरून एक प्रसंग सांगते, कारण अनुवादातली जोखीम त्यात नेमकी दिसते. एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी हिंदी लेखाचं मराठीकरण झालं होतं आणि छपाईच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे तपासायला आलं. मूळ हिंदी वाक्य होतं की सावित्रीबाईंनी १८४८ में पुणे में ‘स्त्री-शिक्षा’ की नींव रखी. मराठीत छापलं जाणार होतं: ‘सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात स्त्री-शिक्षेचा पाया घातला.’ व्याकरणात एकही चूक नाही. सामान्यरूप बरोबर, विभक्ती बरोबर. भिडेवाड्याच्या शाळेपासून दोन हाकांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने हे टाईप केलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. ज्या बाईंनी शेणाचे गोळे अंगावर घेऊन मुलींना अक्षरं शिकवली, त्यांच्या नावावर हे वाक्य जाणार होतं. तेव्हापासून हिंदीतून आलेल्या कुठल्याही मजकुरात मी आधी ‘शिक्षे’ हे सामान्यरूप शोधते. ‘उच्च शिक्षेसाठी’, ‘शिक्षेचे महत्त्व’, ‘मुलींच्या शिक्षेवर भर’ हे सगळं मला जाहिरातींत, माहितीपत्रकांत सापडलेलं आहे, आणि यंत्राने केलेल्या अनुवादामुळे अलीकडे जास्तच.

तुमच्या नातवाच्या वेळापत्रकाचा मुद्दा तर कायद्यातही आहे. २००९ चा कायदा हिंदीत ‘निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम’ आहे. मराठीत आपण ‘मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार’ म्हणतो. त्याच कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्याला आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करतं. हिंदीत तिथे ‘शारीरिक दंड’ आहे. मराठीत तीच गोष्ट सांगायची तर ‘शारीरिक शिक्षा’ म्हणावं लागतं. म्हणजे जे दोन शब्द हिंदीत मैदानावरच्या तासाचं नाव आहेत, तेच मराठीत कायद्याने बंद केलेली गोष्ट आहेत. यजमान चपापले ते अगदी योग्य कारणाने चपापले.

याच ओघात ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि नंतर २०१८ पासूनचं ‘समग्र शिक्षा’. ही केंद्राच्या योजनांची विशेषनामं म्हणून महाराष्ट्रातही जशीच्या तशी आली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर रंगली. माझं स्पष्ट मत आहे की तिथे ‘शिक्षण’ करून घ्यायला हवं होतं. ज्या मुलाला आपण पहिल्यांदा शाळेत आणतो, त्याच्या आजीला भिंतीवरचा शब्द नीट समजला पाहिजे.

समुद्रापलीकडे हा शब्द याहून दूर गेला. थाई भाषेत ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास, विद्यापीठातला विद्यार्थी म्हणजे ‘नाक-सुक्सा’, आणि शिक्षण मंत्रालयाच्या नावात ‘सुक्साथिकान’ आहे, म्हणजे आपलं शिक्षा अधिक अधिकार. पालीतून आलेलं ‘सिक्खा’ हे रूप त्यांनी धर्मासाठी वेगळं ठेवलं. थायलंडात तरुण मुलं काही काळ भिक्खू होतात आणि परत संसारात येतात. त्या परत येण्याला ‘ला सिक्खा’ म्हणतात, म्हणजे शिक्षेचा निरोप घेणं. ख्मेर आणि लाओ भाषांतही अभ्यासाचाच अर्थ.

इंडोनेशियात मात्र ‘सिक्सा’ म्हणजे छळ, यातना. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात जावामधून पुण्यात शिकायला आलेली एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ‘शिक्षण’, ‘शिक्षक’, ‘शिक्षा’ हे तीन शब्द लिहिले आणि मोठ्याने वाचले. तिसऱ्या शब्दाला तिने पेन खाली ठेवलं. मग वहीत तिने आमच्यासाठी लिहून दाखवलं: ‘सिक्सा’ छळ, ‘मन्यिक्सा’ छळ करणं, ‘दिसिक्सा’ छळला जाणं, ‘तरसिक्सा’ छळाने पिचलेला, ‘पन्यिक्साआन’ छळाची क्रिया. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. पुढे-मागे जोड लावून सगळं व्याकरण उभं, आणि ‘मन’ हा उपसर्ग लागला की ‘स’ जाऊन ‘न्य’ येतो. ‘सिक्सा कुबुर’ म्हणजे कबरीतली यातना, असंही तिने सांगितलं. पण तिथेही शब्द सुरुवातीपासून असा नव्हता. शेजारच्या सुंदानीज भाषेत १५१८ चं एक हस्तलिखित आहे, ‘संघ्यांग सिक्सा कंदांग करेसियन’, आणि त्यातली ‘सिक्सा’ म्हणजे वागण्याचे नियम, शिकवण. म्हणजे शिकवणीपासून यातनेपर्यंतची वाट तिकडे याच शब्दाने पार केली.

व्याकरणाचं थोडं सांगते, कारण तुमच्या सूनबाईंना मराठी शिकायची आहे असं तुम्ही लिहिलंय. हिंदीत अनेकवचन ‘शिक्षाएँ’. मराठीत ‘एक शिक्षा, तीन शिक्षा’, रूप बदलत नाही, क्रियापद सांगतं: ‘तीन शिक्षा झाल्या’. प्रत्यय लागताना ‘आ’चा ‘ए’ होतो: शिक्षेला, शिक्षेने, शिक्षेची. कानडीत हाच ‘ए’ मूळ शब्दातच येऊन बसला आहे, ‘शिक्षे, शिक्षेगे’, आणि तिथे तो शब्द नपुंसकलिंगी. बंगालीत लिंगच नाही.

खरी गंमत आपल्या ‘शिकणे’ क्रियापदात आहे. ते तत्सम नाही, प्राकृत ‘सिक्ख’मधून झिजत आलं. ‘भूख’ची आपण ‘भूक’ केली, ‘हाथ’चा ‘हात’, तसंच ‘सीख’चं ‘शिक’. आणि ‘इ’च्या आधीचा ‘स’ मराठीत ‘श’ होतो. गुजरातीत ‘शीखवुं’, बंगालीत ‘शेखा’, आणि युरोपभर विखुरलेल्या रोमा लोकांच्या भाषेत ‘सिखावेल’, म्हणजे दाखवतो, शिकवतो. एवढ्या प्रवासात त्यांनी हा शब्द टाकला नाही.

सूनबाई बहुधा म्हणतील, ‘मी मराठी शिकली.’ हिंदीत ‘मैंने मराठी सीखी’ आहे आणि ‘मी पोळी खाल्ली’ हा नियम त्यांनी नुकताच पाठ केला असेल, तेव्हा चूक हुशारीतूनच होते. पण शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं मराठीत कर्माकडे बघत नाहीत, कर्त्याकडे बघतात. म्हणून ‘मी मराठी शिकले’, आणि मुलगा म्हणेल ‘मी मराठी शिकलो’. शिकवणे मात्र पुन्हा कर्माकडे वळतं: ‘सासूबाईंनी मला मराठी शिकवली.’ त्यांना ही दोन वाक्यं रोज म्हणायला लावा, आठवड्यात बसतात.

खरा अर्थ कोणता, या प्रश्नाला माझं उत्तर असं की तो वाक्यातच मिळतो. येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. तिथल्या कपाटांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येकीवर एखादा शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या वाक्यात आला ते टिपलेलं. कोश अजून ‘अ’मध्येच आहे, ‘शिक्षा’पर्यंत यायला खूप अवकाश आहे. पण पद्धत आजच उचलण्यासारखी आहे. घरात एक वही करा. ‘शिक्षा’, ‘दंड’, ‘शासन’, ‘चेष्टा’ असे जे शब्द हिंदी-मराठीत अडतात, त्यांच्यासमोर डावीकडे सूनबाईंनी हिंदी वाक्य लिहावं आणि उजवीकडे तुम्ही मराठी. अर्थ लिहू नका, नुसती वाक्यं लिहा.

नातवासाठी एक करता येईल. बऱ्याच मराठी शाळांच्या वेळापत्रकात जागा कमी म्हणून या तासाला ‘शा. शि.’ असंच लिहितात. त्याच्या वेळापत्रकावर पेन्सिलीने तेवढंच लिहून द्या. तो ‘शारीरिक शिक्षा’ वाचेल, आजोबा ‘शारीरिक शिक्षण’ वाचतील, आणि बूट मात्र मंगळवारी-शुक्रवारीच घालायचे आहेत हे दोघांनाही कळेल.